ट्रेचं लाकूड कुठलं हो?

ज्या घरातून कुणी ना कुणी पाळीवर जातं, त्या घरातला एक संवाद ठरलेला असतो. ‘अगं, माझा गेटपास कुठंय?’ ‘टीव्हीच्या मागे बघा.’ ‘गाडीची किल्ली?’ ‘फ्रीजवर.’ ‘आई, माझं आयकार्ड?’ ‘काल दप्तराच्या पुढच्या कप्प्यात टाकलंस ना!’ पोळी लाटता लाटता, मागे वळूनही न बघता, घरातली बाई ही सगळी उत्तरं देत असते. खेड आणि चिपळूणच्या मधल्या आमच्या लोट्यात तर औद्योगिक वसाहत आहे, कारखाने तीन पाळ्यांत चालतात. त्यामुळे हा संवाद कुठल्या ना कुठल्या घरात चोवीस तास चालू असतो म्हटलं तरी चालेल!

गमतीचा भाग सोडा, पण यात एक काम लपलेलं आहे. कुठली वस्तू कुठं आहे हे लक्षात ठेवण्याचं काम. ते आपल्याला कुणी नेमून दिलेलं नसतं, त्याची मोजदाद होत नाही आणि त्यातून रजाही मिळत नाही. धुण्याभांड्यांना बाई ठेवता येते, लक्षात ठेवायला कुठून आणणार? चार दिवस माहेरी गेलं तरी फोनवर ‘गॅसचं पुस्तक कुठंय’ सुरूच.

म्हणूनच की काय, घर नीटनेटकं ठेवण्यासाठी लाकडी ट्रे वापरायची टूम निघाली तेव्हा आपल्या मैत्रिणींनी ती आनंदानं उचलून धरली. किल्ल्या-पाकिटांचा ट्रे, औषधांचा ट्रे, कात्री-सुई-दोऱ्याचा ट्रे, ड्रॉवरमधल्या चमच्यांचा ट्रे. वस्तूंना घर मिळालं की आपल्या डोक्यातली थोडी जागा रिकामी होते. प्रदर्शनांत या ट्रेंवर छान छान चिठ्ठ्याही लावलेल्या असतात. ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’, ‘हॅण्डमेड’. अशा वेळी मी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारते, ‘ट्रेचं लाकूड कुठलं हो?’

बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘जंगली लाकूड आहे, ताई.’ आता सगळंच लाकूड कधी ना कधी जंगली असणार! नाही तर ‘साग फिनिश आहे’ असं सांगतात. म्हणजे रंग सागाचा, आत काय ते देव जाणे.

हा प्रश्न विचारण्याची सवय मला लोट्यानं लावली. इथल्या रासायनिक कारखान्यांनी शेकडो घरांत चूल पेटती ठेवली, मुलांची शिक्षणं केली, हे खरंच आहे. आणि याच वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रारी करत आलेत, हेही तितकंच खरं आहे. मासे कमी झाले की टोपली घेऊन दारी येणाऱ्या मावशीची फेरी चुकते आणि ते आम्हाला लगेच कळतं. आपल्या सोयीचा खर्च कुणीतरी दुसरं भरत असतं, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मग घर आवरण्यासाठी आणलेला ट्रे तरी कुणाच्या खर्चानं येतो, ते बघायला नको का?

ट्रे काही नवा नाही

तशी ही कल्पना आपल्याकडे जुनीच. लाकडी मिसळणाचं पाळं आठवतंय? एका अखंड लाकडात कोरलेले वाटीसारखे कप्पे. एकात मोहरी, एकात हळद, एकात जिरं. वरचं झाकण फिरवलं की फोडणीचं सगळं साहित्य हाताशी. पानाचं तबक, भाकरीचं पीठ मळायची काठवट, भिंतीतलं फडताळ, दिव्याचा कोनाडा. आजीच्या घरात वस्तू मोजक्या होत्या आणि प्रत्येकीची जागा ठरलेली होती. अंधारात हात घातला तरी काडेपेटी सापडायची.

महत्त्वाचं म्हणजे ती जागा घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती. अडकित्ता कुठं असतो हे विचारायला आजोबा माजघरात येत नसत. आणि त्या पाळ्याचं लाकूड कुठलं, हे सांगता न येणारं माणूस घरात सापडलं नसतं. ‘परसातला फणस वठला, त्याचं काढलं’ असा त्याचा इतिहास असे.

झाड कसं पडलं?

फणसाचं लाकूड म्हणजे कोकणचं सोनंच. ताजं असताना पिवळंधमक, आणि जसजशी वर्षं जातील तसं तांबूस तपकिरी होत जाणारं. याच लाकडापासून काढलेल्या पिवळ्या रंगात ब्रह्मदेश-थायलंडकडचे बौद्ध भिक्षू आपली वस्त्रं रंगवत आले आहेत. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. शिवणीचं लाकूड हलकं आणि आकार न सोडणारं. साग तर अंगच्या तेलामुळे टिकतो. आंब्याचं लाकूड त्या मानानं मऊ, त्याला कीड लवकर लागते, म्हणून ते नीट वाळवावं लागतं.

पण यातलं कुठलंही झाड मनात आलं म्हणून तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९६४ पासून वृक्षतोडीचं नियमन करणारा कायदा आहे. साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही झाडं त्याच्या यादीत आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडण्याआधी परवानगी लागते. म्हणजे ‘अस्सल फणसाचा ट्रे’ हातात घेतला, की पुढचा प्रश्न आपोआप यायला हवा. हा फणस पडला की पाडला?

कारण पडलेल्या लाकडाला आपल्याकडे तोटा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि रायगडसह आमच्या दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी करताना रस्त्याकडेची जुनी झाडं गेली, ती तर आम्ही येता-जाता पाहिली. आणि गावोगावची कौलारू घरं उतरवून स्लॅबची घरं उभी राहताहेत. त्या घरांचे वासे, तुळया, दारांच्या चौकटी कुठं जातात? थोडं लाकूड जुन्या लाकडाच्या वखारीत जातं आणि बरंचसं सरळ चुलीत किंवा बंबात. पन्नास-साठ वर्षं उन्हापावसात मुरलेलं लाकूड तासाभरात राख होतं.

आंब्याच्या पेट्यांचंही तसंच. पुठ्ठ्याची खोकी वाढली असली तरी लाकडी पेट्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत. हंगाम संपला की त्या माळ्यावर पडून राहतात, नाही तर जळणात जातात. या फळ्या पातळ आणि खरबरीत असतात. पण खिळे काढून, बुरशी धरलेलं टाकून दिलं आणि रंधा मारला, तर ड्रॉवरमध्ये घालायचे कप्पे त्यातून झकास होतात.

कोकणाबाहेर बघायचं तर रबराच्या झाडाचं उदाहरण चांगलं आहे. केरळातल्या मळ्यांत पंचवीस-तीस वर्षं चीक दिल्यावर झाड थकतं, मग ते काढून नवं लावतात. पूर्वी त्याचं जळण व्हायचं, आता फर्निचर आणि ट्रे होतात. हे लाकूड प्रक्रिया केल्याशिवाय टिकत नाही, पण त्याच्यासाठी जंगल तोडावं लागत नाही. मोठ्या कंपन्यांच्या मालावर कधीकधी ‘एफएससी’ असा शिक्का दिसतो. जंगल राखून लाकूड काढलं आहे ना, हे तपासणारी ही जागतिक संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली. असा शिक्का असला तर उत्तमच. पण गावातल्या सुताराकडे शिक्का नसतो. त्याच्याकडे उत्तर असतं. आपण विचारायचं, एवढंच.

सुतारकाकांच्या पडवीत

आमच्या घरातले तीन ट्रे जवळच्या वाडीतल्या एका सुतारकाकांनी केले. एके काळी दारं-खिडक्या, देव्हारे, पाळणे यांतून त्यांना मान वर करायला सवड नसायची. आता दारं तयार मिळतात, कपाटं हप्त्यावर मिळतात. काकांकडे येतात ती दुरुस्तीची कामं, नाही तर गणपतीच्या आधी मखराच्या चौकटी. पडवीत मात्र उतरवलेल्या घरांतलं लाकूड त्यांनी रचून ठेवलंय. ‘जाळायला जीव होत नाही, वहिनी,’ म्हणतात.

मी त्यांना ट्रेचं माप दिलं, तर त्यांनी आधी मलाच प्रश्न विचारले. काय ठेवणार? उचलणार की एका जागी राहणार? पाण्याजवळ आहे का? मग फणसाच्या एका जुन्या चौकटीतून फळ्या काढल्या. ओल्या लाकडाची इंचभर जाडीची फळी सावलीत, वाऱ्यावर वाळायला साधारण वर्ष लागतं. हे तर केव्हाच वाळून खडखडीत झालेलं.

तळाची फळी त्यांनी चारही बाजूंना डिंकानं चिकटवली नाही. कडेच्या पट्ट्यांना आतून खाच पाडली आणि फळी त्यात नुसती सरकवली. मी कारण विचारलं, तर म्हणाले, ‘आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. आणि फुगतं ते आडवं, लांबीला नाही. त्याला हलायला जागा ठेवली नाही, तर ते स्वतःच जागा करतं, चीर पाडून!’ घाटावरच्या कोरड्या हवेत बनलेला देखणा ट्रे आमच्याकडे श्रावणापर्यंत वाकडा का होतो, ते मला तेव्हा कळलं.

किंमत म्हणाल तर प्लास्टिकच्या ट्रेच्या तिप्पट-चौपट पडली. पण ते पैसे वाडीतल्या घरात गेले, आणि ट्रेचा कोपरा निखळला तर दुरुस्त करणारा माणूस चालत जाण्याच्या अंतरावर आहे. प्लास्टिकच्या ट्रेला तडा गेला की तो फेकण्यापलीकडे काय करता येतं?

भुशाची फळी आणि खरं लाकूड

बाजारात मिळणारे पुष्कळसे ‘लाकडी’ ट्रे खरं तर लाकडाचा भुसा किंवा तंतू गोंदानं दाबून केलेल्या फळीचे असतात, वर लाकडी रेघांचा कागद. उरलेला भुसा वापरात येतो ही त्यातली चांगली बाजू. पण त्यातल्या गोंदात बहुतेकदा फॉर्माल्डिहाइड असतं आणि ते हळूहळू हवेत सुटत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये त्याची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली. एका छोट्या ट्रेनं घाबरून जायचं कारण नाही, आणि हे प्रमाण कमी असलेल्या फळ्याही मिळतात. पण बंद ड्रॉवर उघडल्यावर नाकात झणझणीत वास गेला, तर तो ट्रे लहान मुलांच्या कपाटात नको.

दुसरं कारण पाण्याचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही नातेवाइकांकडे चिखल काढायला गेलो होतो. भुशाच्या फळीची कपाटं फुगून पावासारखी झाली होती, हात लावला की तुकडा हातात यायचा. त्याच घरातला जुना सागवानी पाट आणि देव्हारा धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा जागेवर बसले. पूर काही रोज येत नाही. पण आपल्या ओट्यावर पाणी रोज सांडतं.

रंग-रोगण सांभाळून

चांगल्या लाकडाला चकचकीत रोगणाची गरज नसते. माझ्या ट्रेंना काकांनी आधी जाड, मग बारीक पॉलिशपेपर मारला आणि कच्चं जवसाचं तेल लावलं. हे तेल हवेत हळूहळू सुकतं, त्याला बरेच दिवस लागतात. पण नंतर हाताला चिकटत नाही. वरून मधमाशांचं मेण चोळलं की पाणी चटकन मुरत नाही. खोबरेल मात्र लावू नका. ते सुकत नाही आणि काही दिवसांनी खवट वास येतो. दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ जवस तेल लवकर सुकतं खरं, पण त्यात सुकवण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. मसाल्याच्या किंवा खाण्याच्या ट्रेला ते नको.

एक सूचना अगदी महत्त्वाची. जवसाचं तेल पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.

कोकणात घराच्या वाशांना आणि होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावायची पद्धत होती. वाळवीवर ते रामबाण, पण कातडीवर फोड आणतं. म्हणून रोज हाताळायच्या वस्तूला ते चालणार नाही. त्यापेक्षा लाख चांगली. सावंतवाडीच्या कारागिरांचं काम पाहिलंत तर लाखेचं सामर्थ्य कळतं. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून लाकडावर चढते. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी, फळं, पाट, चौरंग अशी किती कामं तिथं होतात. तिथल्या गंजिफांची कला मावळत चालली होती, तिला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुन्हा उभारी दिली, आणि २०२४ मध्ये या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं. सहलीला गेलात तर चितार आळीत जरूर डोकवा, आणि तिथंही लाकूड कुठलं ते विचारा. कारागीर आनंदानं सांगतात.

ट्रे भरायचा कुणी?

आता मूळ मुद्द्याकडे येते. ट्रे आणला म्हणजे घर आवरलं असं होत नाही. बाईनंच मापं घ्यायची, तिनंच ट्रे आणायचा, तिनंच रोज संध्याकाळी सगळ्यांच्या वस्तू गोळा करून त्यात ठेवायच्या, असं झालं तर तिचं काम कमी न होता एकानं वाढलं! झाडाचा खर्च वाचवला आणि बाईचा वाढवला, यात कसली आलीय सोय?

आमच्या शेजारच्या वहिनींनी यावर साधा नियम केला. दाराजवळचा ट्रे ज्याचा-त्याचा. किल्ली, गेटपास, पाकीट येता क्षणी तिथं पडलंच पाहिजे. ‘कुठंय?’ असं विचारण्याआधी ट्रे बघायचा. सासऱ्यांच्या औषधांच्या ट्रेला सकाळ, दुपार, रात्र असे तीनच कप्पे. डॉक्टरांची चिठ्ठी खाली तळाशी. महिना संपत आला की कुठली गोळी आणायची ते बघण्याचं काम मुलाचं. कागदपत्रांच्या ट्रेमध्ये गॅसचं पुस्तक, रेशनकार्ड आणि विजेचं बिल, बस्स.

पहिले पंधरा दिवस घरात रोज कुरकुर. वहिनींनी उत्तर द्यायचंच बंद केलं! आणि मग मागच्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी त्या पुण्याला सव्वा महिना राहून आल्या. एरवी दोन दिवस कुठं गेल्या तर सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी चुकायची, आणि एकदा त्यापायी त्यांना चक्कर येऊन दवाखान्यात न्यावं लागलं होतं. या वेळी सव्वा महिन्यात एकही गोळी चुकली नाही. वहिनी सांगत होत्या, ‘फोन यायचे गं, पण नातीची चौकशी करायला!’

तेव्हा मैत्रिणींनो, ट्रे घ्यायच्या आधी घरात एकदा बघून घ्या. माळ्यावर आंब्याची पेटी आहे का? गावच्या घराची जुनी फळी पडून आहे का? बांबूची परडी किंवा रोवळी चालण्यासारखी असेल, तर ती बुरुडाकडून घ्या. बांबू कापला तरी त्याच बेटातून पुन्हा कोंब येतो. ट्रे करायचाच असेल तर ड्रॉवरचं माप घ्या, त्याहून दोन सूत कमी सांगा, म्हणजे पावसात अडकणार नाही. कप्पे मोजके ठेवा आणि हात शिरेल एवढे रुंद करा, नाही तर कोपऱ्यातली धूळ निघत नाही. ट्रे कोरड्या फडक्यानं पुसा, नळाखाली धरू नका. पावसाळ्यापूर्वी एकदा तेलाचा हात द्या.

विकत घेणार असाल तर लाकूड कुठलं, झाड कसं पडलं आणि मोडला तर नीट कोण करून देईल, हे तीन प्रश्न नक्की विचारा. दुकानदार दोन दिवस वैतागेल, तिसऱ्या दिवशी माहिती काढून ठेवेल. आणि घरी आणल्यावर चौथा प्रश्न सगळ्यांना जेवायला बसल्यावर विचारा. यातला कुठला ट्रे कुणाचा? आमच्या सुतारकाकांकडे सध्या कॉलनीतल्या सात-आठ घरांची मापं गेली आहेत. त्यांनी पडवीतल्या लाकडावर खडूनं नावं घातलीत, आणि तेवढं तरी लाकूड या वर्षी बंबात जाणार नाही.